चव्वेचाळीस ठोक्यांचे हेडक्लार्क

आमच्या हेडक्लार्कांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते बसलेले होते, पण खाली खुर्ची नव्हती. पाठ भिंतीला टेकलेली, गुडघे काटकोनात, मांडीवर फाइल. त्या अवस्थेत ते एका कारकुनाला पत्राचा मजकूर सांगत होते. ठाण्याच्या त्या सरकारी कचेरीत मी नेमणुकीचा कागद घेऊन गेलेलो. त्यांनी कागद वाचला आणि माझ्याकडे वर पाहिलं.

"पदवीधर?"

"हो."

"बसा."

मी खुर्ची शोधू लागलो. ते म्हणाले, असेच बसा, माझ्यासारखे. मी भिंतीला पाठ लावून बसलो आणि पंचवीस मोजायच्या आत जमिनीवर आलो. "विद्यापीठात पाय शिकवत नाहीत वाटतं," ते म्हणाले आणि पुढचं पत्र सांगायला लागले.

मला हे फार लागलं. माझे वडील बाळकुमचे, आगरात मीठ वाहून त्यांच्या खांद्याला घट्टा पडलेला. आमच्या आळीतला पहिला बी.ए. मीच. पदवीचा कागद आला तेव्हा लोक तो नवा बैल पाहावा तसा पाहून गेले होते, दोघांनी तर हात लावून पाहिला. असा मी, पहिल्याच दिवशी सात कारकुनांसमोर बुडावर आपटलो. त्यामुळे पुढे मी या गृहस्थांबद्दल जे सांगणार आहे ते निःपक्षपाती आहे असं कुणी समजू नये.

त्यांचं सगळं आयुष्य एका वेळापत्रकावर चालायचं. कचेरीतल्या जुन्या फॉर्मच्या पाठीमागे, रकाने आखून, लाल आणि निळ्या शाईत लिहिलेलं ते वेळापत्रक कोपरीतल्या त्यांच्या बिऱ्हाडात स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवलेलं असे. पहाटे चारला उठणं. साडेचार ते सहा सायकल. मग नमस्कार, जोर, आंघोळ, पूजा, जेवण, कचेरी. संध्याकाळी परत सायकल, मग मुलांचा अभ्यास. नोकरी आणि संसार सांभाळून व्यायाम कसा करावा, यावर ते कुणालाही, कुठेही, न विचारता बोलत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "वेळ मिळत नसतो, काढावा लागतो." तो ते कुणाच्या वाट्यातून काढतात हे मात्र त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं.

उदाहरणार्थ, जातं. खांद्यांसाठी जात्यासारखा व्यायाम नाही असं कुठंतरी वाचून त्यांनी घरचं दळण आपल्याकडे घेतलं. सगळ्या चाळीतल्या बायकांनी काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, हेवा केला. पण यांचे फेरे ठरलेले. उजव्या हाताने चाळीस, डाव्या हाताने चाळीस. ऐंशी झाले की उठून घाम पुसायचे. जात्यात गहू उरलेला असे, तो काकू संपवायच्या. विहिरीचंही तेच. वीस बादल्या म्हणजे वीस. पिंप बाराव्या बादलीला भरायचं, उरलेल्या आठ ते मोरीत ओतत. आणि एखाद्या दिवशी पाहुणे असले आणि पाणी जास्त लागलं, तर एकविसावी बादली काकूंनी ओढायची. एकविसावी वेळापत्रकात नव्हती.

मुलं लहान होती तेव्हा त्यांनी वेगळी वजनं विकत घेतली नाहीत. धाकट्याला दोन्ही हातांवर घेऊन ते वर-खाली करत. मूल वाढतं तसं वजन आपोआप वाढतं, ही निसर्गाची योजना आहे, असं त्यांचं म्हणणं. त्या मुलाला पुढे कुणी कडेवर घेतलं तरी तो डोळे मिटून घ्यायचा.

सायकल विलायती होती. काळी, बारीक सोनेरी रेघांची. तिला घरात कुणी हात लावायचा नाही. पुसायचे ते, तेल द्यायचे ते, आणि रात्री ती ओसरीवर नाही तर माजघरात, मुलांच्या अंथरुणांच्या उशाशी उभी असे. थोरली मुलगी बारा वर्षांची असताना तिने एकदा घंटी वाजवली म्हणून तिला पन्नास उठाबशा काढाव्या लागलेल्या. शिक्षा म्हणून नव्हे, ते सांगत. प्रकृतीसाठी.

पहाटेच्या फेरीत ते कधी मुलुंडकडे जात, कधी मुंब्र्याच्या चढाला, आणि माझं नशीब फुटलं की बाळकुमला. आमच्या दारात येऊन घंटी वाजवायचे. "पदवीधर, उठलात का?" मी उठलेलो नसायचो. वडील मात्र आगरात निघायच्या तयारीत असायचे. धोतराला चिमटे लावून अंधारात घाम गाळणाऱ्या या ब्राह्मणाकडे त्यांनी तीन-चार वेळा नीट पाहिलं आणि एक दिवस मला म्हणाले, "त्याला सांग, आमचे आगरान ये. दोन पाट्या मीठ वाह. फुकटचा घाम कशाला गालतंस?" मी हा निरोप पोचवला नाही. मी अजून कायम झालेलो नव्हतो.

कचेरीत रजा मागायची तर अर्ज आधी त्यांच्याकडे. अर्ज वाचून ते माणसाच्या पोटाकडे पाहात आणि म्हणत, "वीस काढा." आमच्यातला एक कारकून वीस बैठका काढून बापाच्या श्राद्धाला गेला. टपाल वर साहेबांकडे पोचवायला शिपाई होता, पण जिना दिसला की यांना राहवत नसे. दोन-दोन पायऱ्या चढून स्वतः द्यायचे. शिपाई दिवसभर बाकावर बसून जाड झाला आणि मग त्याच्या जाडीवरून यांची बोलणी खायला लागला.

पण त्यांची खरी कीर्ती डोंबिवलीच्या लग्नाची. बहिणीच्या मुलीचं लग्न. म्हणजे हे मामा. मुलीला बोहल्यावर आणायचं ते मामाने. बायकोमुलांना त्यांनी आदल्या दिवशी आगगाडीने पाठवून दिलं आणि स्वतः पहाटे सायकलवर निघाले. मुंब्रा, शीळ आणि मग डोंबिवली. दोन्ही गोष्टी साधतील, व्यायामही आणि लग्नही. शिळेच्या पुढे सायकलची चेन तुटली. ती त्यांनी रस्त्याच्या कडेला बसून दगडाने ठोकून जोडली. इकडे मुहूर्ताची घटका जवळ आली, भटजी घड्याळाकडे पाहतायत, मुलगी गौरीहरापुढे बसून, आणि मामा कुठे म्हणून सगळे काकूंना विचारतायत. काकू काय सांगणार? येतीलच, म्हणाल्या.

आले. सायकल मांडवाच्या खांबाला लावली, धावत आत गेले आणि मुलीचा हात धरून तिला चालवत आणायचं सोडून तिला सरळ दोन्ही हातांवर उचलून घेतलं. दम लागलेला नाही हे लोकांना दिसावं म्हणून. मुलीला बोहल्यावर उभं केलं तेव्हा तिच्या पिवळ्या अष्टपुत्रीवर चेनच्या तेलाचे दहाच्या दहा बोटांचे ठसे होते. पाच पाठीवर, पाच गुडघ्याखाली. त्यांची बहीण रडायला लागली. हे म्हणाले, "अगं, डाग जाईल. पण पन्नाशी उलटलेला मामा भाचीला असा उचलतो, हे सासरच्यांना कायम लक्षात राहील." हे मात्र खरं निघालं. ती साडी अजून त्या घरात दाखवतात म्हणे.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती सांगतो.

त्यांना पंचावन्न पुरी होत आली. आमच्याकडे पंचावन्नला घरी बसायचं, पण वरच्यांनी मनावर घेतलं तर दोन वर्षांची मुदतवाढ मिळे. वरच्यांनी मनावर घेतलं होतं, कारण हेडक्लार्कांच्या हाताखालची एकही फाइल कधी हरवलेली नव्हती. फाइली हरवायला भीत असाव्यात. फक्त सरकारी डॉक्टरांचा दाखला हवा होता. आणि ती दोन वर्षं त्यांना फार हवी होती. थोरलीचं कल्याणला जमत आलेलं, धाकटा मॅट्रिकच्या तोंडाशी. मुलीचा बाप नोकरीवर असताना लग्न जमणं वेगळं आणि पेन्शनीत निघाल्यावर जमणं वेगळं, हे सगळ्यांना कळत होतं.

दाखल्याची कुणाला काळजी नव्हती. उलट डॉक्टर काय काय कौतुक करतील याची कचेरीत आधीच चर्चा झाली. त्यांनी नवं धोतर नेसलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं. सोडलं. परत धरलं. मग दुसरं मनगट धरलं.

नाडी चव्वेचाळीस.

चक्कर येते का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, मधेच छातीत थांबल्यासारखं वाटतं का, असं डॉक्टरांनी विचारलं. यांनी छाती फुगवून सांगितलं की ही मंद नाडी म्हणजे तीस वर्षांच्या व्यायामाचं फळ आहे. डॉक्टरांच्या पुस्तकात हे फळ नव्हतं. पंचावन्न वर्षांच्या कारकुनाची नाडी चव्वेचाळीस म्हणजे हृदयात बिघाड, असं त्यांच्या पुस्तकात होतं. त्यांनी दाखला अडवला आणि महिन्याने परत बोलावलं. तेव्हाही असंच असेल तर मुदतवाढ नाही.

म्हणजे कचेरीतले आम्ही सगळे, वडे खाणारे, जिन्यावर धापा टाकणारे, नोकरीला लायक. आणि पहाटे मुंब्र्याचा चढ चढणारा माणूस हृदयविकारी. मला आधी हसू आलं, खोटं कशाला सांगू? मग ते दोन दिवस जिना हळूहळू, एकेक पायरी चढताना दिसले आणि हसू गेलं.

व्यायाम बंद करून पाहावा, म्हणजे नाडी माणसात येईल, असं कुणीतरी सुचवलं. त्यांनी तो बंद केला. चार दिवस. चौथ्या दिवशी काकू मला कोपरीच्या बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "अहो, घरभर फिरतात नुसते. काल दारामागे उभे राहून ते वेळापत्रक वाचत होते, कुणाचं पत्र आल्यासारखे. जाऊ दे ती नोकरी, पण यांना सायकलवर बसायला सांगा." नाडी मोजली होती का, मी विचारलं. रोज सकाळी मोजतात, त्या म्हणाल्या. आज त्रेचाळीस.

शेवटी उपाय मी काढला. मी बी.ए. इतिहास घेऊन झालेलो, पण धावल्यावर छाती धडधडते एवढं शास्त्र मलाही माहीत होतं. मी म्हटलं, साहेब, दाखल्याच्या दिवशी पहाटेची फेरी काढू नका. दहाला डॉक्टर येतात. नऊला निघा, मुलुंडपर्यंत जीव खाऊन जा आणि तसेच परत येऊन दवाखान्याच्या दारात उतरा. घाम पुसा आणि आत जा. त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. "पदवी अगदीच फुकट गेली नाही," म्हणाले. मला हे खूप आवडलं, हेही सांगून टाकतो.

त्या दिवशी मी रजा काढली. बैठका न काढता. काकू टांग्याने आल्या, कारण उशीर झाला तर यांचं जेवण दवाखान्यातच द्यायचं, बाराची वेळ चुकवायची नाही. दहाला पाच कमी असताना हे फाटकातून आत शिरले. चेहरा लाल, टोपी मागे सरकलेली. मी मनगट धरलं. एकशेअठरा. जरा जास्त झालं खरं, पण पाच मिनिटांत बरोबर मापात येईल असा माझा हिशेब.

डॉक्टर आले नाहीत. एका गावात ताप पसरलेला, तिकडे गेलेत, येतील आता, असं शिपायाने सांगितलं.

साडेदहाला नाडी सत्तर. अगदी हवी तेवढी. डॉक्टरांचा पत्ता नाही. पावणेअकराला अठ्ठावन्न. हे उठले आणि खांबाआड जाऊन बैठका काढायला लागले. तीस झाल्या, नाडी वर चढली, डॉक्टर नाहीत, नाडी उतरली. परत खांबाआड. असं तीनदा झाल्यावर एक नर्सबाई येऊन उभी राहिली. "आजोबा, हा दवाखाना आहे, तालीमखाना नाही. खाली बसा, नाहीतर मी रजिस्टरात लिहीन." त्यांना आयुष्यात कुणी आजोबा म्हटलं नव्हतं. ते मुकाट्याने बाकावर येऊन बसले. मी कडक चहा आणून पाजला, त्यांनी औषध घ्यावं तसा घेतला. काही उपयोग झाला नाही. त्या शरीराला काहीच मानवत नव्हतं. जरा बसलं की ते आपलं थंड.

बाराला डॉक्टरांची गाडी फाटकात आली. काकूंनी मला विचारलं, "किती?"

"सेहेचाळीस."

त्यांनी मांडीवरचा डबा खाली ठेवला. डॉक्टर आत गेले, शिपायाने आमच्या आधीच्या माणसाला हाक मारली. यांच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. हात गुडघ्यांवर, नजर समोर. हरलेला माणूस किती शांत दिसतो हे मी त्या दिवशी पाहिलं, आणि ती शांतीच नडणार होती.

"अहो," काकू म्हणाल्या, "मला सायकल येते."

त्यांची नजर समोरच. ऐकू आलं नसावं असं मला वाटलं.

"चालवता येते मला. सायकल."

"कसली सायकल?"

"तुमची. घरात दुसरी कुठाय?"

आता त्यांनी मान वळवली. काकू समोरच्या भिंतीकडे पाहात, बाजारातली भाजी सांगावी तशा सांगत होत्या. "दोन वर्षं होतील. रविवारी जेवून तुम्ही दोन तास झोपता. तेवढ्यात खाडीकडच्या बांधावर जाऊन येते. आधी थोरली मागून धरायची. आता नाही लागत."

"नऊवारीत?"

"कासोट्याला दांडा अडत नाही."

"पण सीट... सीटची उंची..."

"खाली करते. आल्यावर परत वर करते."

त्यांचं तोंड उघडं राहिलं. गेली दोन वर्षं दर सोमवारी सीट कुरकुरते म्हणून हा माणूस ठाण्यातल्या तिन्ही सायकलवाल्यांशी भांडलेला होता. एकाशी तर बोलणंच सोडलेलं. ते उभे राहिले. मग बसले. मग परत उभे राहिले. "माझी सायकल," ते म्हणाले. "मला न विचारता. बांधावर. एकदाही पडली नाहीस?"

"नाही."

हे त्यांना सर्वांत जास्त लागलं, मी शेजारीच होतो. त्यांच्या कपाळावरची शीर वर आली. तेवढ्यात शिपायाने हाक मारली आणि काकू म्हणाल्या, "जा आता. लवकर जा."

मी दारापर्यंत गेलो. डॉक्टरांनी मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं, परत मोजलं. चौऱ्याऐंशी. मागच्या वेळी मोजण्यात माझीच चूक झाली असावी, माफ करा, असं ते म्हणाले. दाखल्यावर त्यांनी लिहिलं की प्रकृती वयाच्या मानाने सर्वसाधारण आहे.

सर्वसाधारण. तो शब्द वाचून त्यांना मुदतवाढीचा आनंदसुद्धा धड झाला नाही. पण थोरलीचं कल्याणचं पक्कं झालं, ते नोकरीवर असतानाच लग्न लागलं, आणि त्या लग्नात मुलीच्या मामाने, म्हणजे काकूंच्या भावाने, आधी हात धुतले की नाही हे चारचौघांनी पाहिलं.

आता काकूंचं. नवऱ्याची दोन वर्षं वाचवायला त्यांनी आपले आठवड्याचे दोन तास उघड्यावर मांडले होते, आणि उघड्यावर आलेले तास त्या घरात किती टिकणार? आठवड्याभरात वेळापत्रकात नवा रकाना आला. रविवार, एक ते तीन, सौ.ची सायकल. त्यांनी स्वतःची झोप मोडली आणि शिकवायला निघाले. पाठ ताठ ठेव, गुडघे आत घे, श्वास नाकाने. बाजूने धावत सूचना देत होते. दोन वर्षं न पडलेली बाई त्या रविवारी पडली. हे म्हणाले, पाहिलंस, पायाच कच्चा होता. काकूंनी लुगडं झटकलं, सायकल त्यांच्या हातात दिली आणि घरी चालत आल्या.

पुढच्या रविवारी त्या म्हणाल्या, मला झोप येतेय. त्याच्या पुढच्याही.

असे दीड-दोन महिने गेले असतील. एका रविवारी दुपारी मी काही कामाने कोपरीत गेलो, तर हे ओसरीच्या पायरीवर बसलेले. सायकल पुसून अंगणात उभी केलेली आणि सीट अगदी खाली आणलेली. आत काकूंचं घोरणं ऐकू येत होतं. मी कामाचं बोलायला लागलो तर त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. मीही पायरीवर बसलो. बऱ्याच वेळाने काकू बाहेर आल्या. डोळ्यांना पाणी लावलेलं. त्यांनी सायकलकडे पाहिलं, सीटकडे पाहिलं.

"तुम्ही मागे येणार नसाल तर जाते," त्या म्हणाल्या.

"नाही येत."

"बाजूनेही नाही."

"नाही."

"आणि बांधाच्या टोकाला उभंही राहायचं नाही. इथंच बसायचं."

त्यांनी मान हलवली. काकूंनी पदर खोचला, सायकल गल्लीतून ढकलत नेली आणि बांध लागल्यावर चढल्या. सफाईने चढल्या, मी पाहिलं. मग वळणावर दिसेनाशा झाल्या.

हे पायरीवर बसून राहिले. उठले नाहीत, पाय हलवला नाही, हातांची बोटंसुद्धा मोडली नाहीत. फक्त मान त्या वळणाकडे. अर्धा तास तरी झाला असेल. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, पण काहीही न करता बसलेले हेडक्लार्क मी तेव्हा एकदाच पाहिले. किती घामाघूम झाले होते, काय सांगू तुम्हाला.